पानथरी गेलेल्या माणसाला कुणी सांगायचं?

"आपल्या भागात मेनिंगोकोकसची केस तुमच्यापैकी किती जणांनी बघितलीय? हात वर करा."

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा प्रश्न टाकला. वीस-बावीस जण होतो. दोन हात वर झाले, त्यातलाही एक अर्धाच. "मग झालं तर," ते म्हणाले. "मेंदूज्वराची ही लस हजला जाणाऱ्यांची आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांची. आपल्या पेशंटच्या डोक्यात ते खूळ भरू नका. पोटाला चिमटा घेऊन जगणारी माणसं आहेत ही. हजारोंचं इंजेक्शन त्यांच्या माथी मारणं पाप आहे."

त्या दिवशी मी उठून बोललो नाही. एक तर वयाचा मान. दुसरं म्हणजे त्यांची कळकळ खरी आहे, या माणसाने आयुष्यभर कितीतरी घरं फी न घेता तपासली आहेत. पण घरी आल्यावर झोप लागेना. बैठकीतल्या तरुण डॉक्टरांनी माना डोलावल्या होत्या आणि दुसऱ्या दिवसापासून ते तसंच वागणार होते. तेव्हा जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

आधी पटलेलं सांगतो. मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकोकस या जिवाणूवरची लस सरसकट प्रत्येक भारतीय मुलाला द्या, असं माझं म्हणणं नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीसुद्धा तसं म्हणत नाही. दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 साली साथी आल्या, 2008-09 मध्ये मेघालय-त्रिपुरात आली. तरीही सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकेतल्या पट्ट्यासारखी आपली गत नाही. तिथे 1996-97 च्या एकाच साथीत अडीच लाख माणसं आजारी पडली आणि 25 हजार दगावली. मात्र ॲकॅडमीच्या त्याच शिफारशीत पुढे जोखमीच्या मुलांचाही उल्लेख आहे, आणि तिथे पानथरी नसलेली किंवा निकामी झालेली मुलं येतात. 'सगळ्यांना नको' इथपर्यंत वाचून पान मिटलं की त्याचा अर्थ 'कुणालाच नको' असा होऊन बसतो. आमच्या बैठकीत नेमकं हेच झालं.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळे मला गप्प बसवत नाही.

चौतिशीचा शेतकरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकली, पोटात मार बसला, पानथरी फुटली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या रुग्णालयात रातोरात ऑपरेशन झालं आणि जीव वाचला. सर्जनने उत्तम काम केलं होतं, टाक्यांची रेघ बघूनच कळत होतं. अकरा महिन्यांनी तो माझ्याकडे आला तो सकाळपासून हुडहुडी भरून आलेला ताप घेऊन. पोटावरचा व्रण दिसला म्हणून डिस्चार्ज कार्ड मागितलं. बायकोने ते पिशवीतून काढून दिलं. घडीवर चिरलेलं, पण जपून ठेवलेलं. त्यावर लिहिलं होतं: टाके दहाव्या दिवशी काढणे. सहा महिने जड वजन उचलू नये. तिखट-तेलकट टाळावे. गोळ्यांची नावं. खाली सही, शिक्का. मी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"पानथरी काढल्यावर कोणती लस घेतली होती का?"

"लस? कशाची? मले कोणीच नाही सांगतलं, डॉक्टरसाहेब."

पानथरी म्हणजे रक्ताची चाळणी. काही जिवाणू अंगावर साखरेच्या साखळ्यांचं गुळगुळीत कवच घालून येतात आणि रक्तातल्या पहारेकऱ्यांच्या हातून निसटतात. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब ही त्यातली मुख्य नावं. त्यांना पकडण्याचं काम पानथरीचं. ती गेली की साध्या सर्दी-तापासारखं सुरू झालेलं दुखणं चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जीव घेऊ शकतं, आणि अशा फैलावलेल्या संसर्गात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. ही जोखीम पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असते, पण जन्मभर जात नाही. यात न्यूमोकोकसचा वाटा सर्वांत मोठा, हेही मी लपवत नाही. म्हणून पानथरी नसलेल्याला न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तिन्हींच्या लसींबद्दल सांगायचं असतं. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी. अपघातात तातडीने झालं असेल तर दोन आठवड्यांनंतर. आणि पेशंट परत येईल याची खात्री नसेल तर घरी सोडण्यापूर्वीच. ही शेवटची सूचना तर जणू आमच्या तालुक्यासाठीच लिहिली आहे. जिल्ह्याहून परतलेला माणूस कापसाच्या हंगामात लसीसाठी पुन्हा ऐंशी किलोमीटर कशाला जाईल?

त्या सकाळी मी सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि स्वतः गाडी करून त्याला वर पाठवलं. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवसांनी घरी आला. वेळेवर आला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी आला असता तर, हा विचार मी अजूनही करतो.

आता आमच्या ज्येष्ठांचा पहिला मुद्दा: केस दिसत नाही. आपल्याला दिसत का नाही? मेंदूज्वराचा रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचतो तेव्हा दोन दिवस कुठली ना कुठली अँटिबायोटिक त्याच्या पोटात गेलेली असते. बऱ्याचदा ती आपणच दिलेली असते. पाठीतलं पाणी काढलं तरी कल्चरमध्ये काही उगवत नाही. ज्या तपासणीत मेलेल्या जिवाणूचाही माग लागतो ती पीसीआर तालुक्यात नाही. मग कागदावर 'पू असलेला मेंदूज्वर' एवढं लिहून उपचार सुरू होतात आणि उपचार तिन्ही जिवाणूंवर जवळपास सारखेच असल्यामुळे नाव कळण्याची कुणाला गरजही वाटत नाही. यावरून मेनिंगोकोकस आपल्याकडे घरोघरी आहे असं सिद्ध होत नाही, मी तसं म्हणतही नाही. पण ज्याची चौकशीच केली नाही ते नाहीच, असं हात मोजून ठरवता येत नाही. शिवाय लस कुणाला द्यायची हे तालुक्यात केसेस किती एवढ्यावर ठरत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या अंगात त्या जिवाणूशी लढायला काय शिल्लक आहे, हेही बघावं लागतं. बाकीच्यांसाठी दुर्मिळ असलेला आजार त्याच्यासाठी दुर्मिळ नसतो.

दुसरा मुद्दा: ही परदेशी जाणाऱ्यांची लस. हा समज कुठून आला ते मला समजतं. हजच्या यात्रेत 1987 साली ए प्रकाराच्या मेनिंगोकोकसची साथ पसरली आणि सौदी सरकारने लसीची अट घातली. 2000 आणि 2001 मध्ये डब्ल्यू प्रकाराने डोकं वर काढलं, तेव्हा 2002 पासून ए, सी, डब्ल्यू, वाय या चारही प्रकारांची लस सक्तीची झाली, आणि तीही पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली. हे शहाणपणाचंच आहे. 2024 मध्ये उमराहून परतलेल्या प्रवाशांत आणि त्यांच्या निकटच्या माणसांत अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये मिळून बारा रुग्ण सापडले. बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. विद्यापीठांचंही तेच. वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या, एका ग्लासातून पिणाऱ्या मुलामुलींत हा जिवाणू नाका-घशातून फिरतो. इंग्लंडमध्ये 2015 पासून शाळकरी मुलांना चौरंगी लस देतात, आणि बाहेरदेशातून पहिल्यांदा विद्यापीठात येणाऱ्यांनाही ती पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत मोफत मिळते.

म्हणजे यात्रेकरूला लस मिळते, कारण सौदी अरेबिया कागद मागतं. विद्यार्थिनीला मिळते, कारण विद्यापीठ कागद मागतं. पानथरी गेलेल्या शेतकऱ्याकडे कुणीच कागद मागत नाही. लस कुणाला द्यायची हे आपण शरीर बघून ठरवत नाही, दारावर कोण उभा आहे ते बघून ठरवतो. माझा सगळा राग यावर आहे.

आणि 'मेंदूज्वराची लस' म्हणजे ही एकच, असं बैठकीत गृहीत धरलं गेलं त्याचं काय? मेंदूज्वराविरुद्धच्या लसी आपण सगळे रोज टोचतो आहोत. जन्मल्याबरोबर दिलेली बीसीजी लहान मुलाला क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिलेल्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिब असते. 2017 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2021 मध्ये देशभर न्यूमोकोकसची लस आली, ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन डोसांची. आमच्या आशाताई ऊन-पावसात ज्या बाळांना केंद्रावर घेऊन येतात ती श्रीमंतांची बाळं नसतात. सरकारने मेंदूज्वराविरुद्ध गरिबाच्या बाळासाठी इतकं केलेलं असताना गरिबाच्या मोठ्या माणसाला नुसता सल्ला देणं तेवढं खूळ कसं ठरतं?

मराठीतल्या या शब्दानेही घोळ वाढवला आहे. मागच्या जूनमध्ये एक आई बावीस वर्षांच्या मुलीचा इंग्लंडच्या विद्यापीठाचा फॉर्म घेऊन आली. "हिची मेंदूज्वराची लस लहानपणीच झालीय, शाळेतच दिली होती," असं खात्रीने सांगत होती. कार्ड पाहिलं तर ती जपानी मेंदूज्वराची लस. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मोहिमेत दिलेली, डासांतून येणाऱ्या विषाणूवरची. विद्यापीठाला हवी असलेली लस जिवाणूवरची, आणि तीही चार प्रकारांची. नावात मेंदूज्वर आहे म्हणून बाईंचा गैरसमज झाला यात त्यांचा काय दोष? लस दिली त्या दिवशी कुणी दोन वाक्यं जास्त बोललं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की तिकडे गेल्यावर ही फुकट मिळेल, पण वसतिगृहात सामान टाकण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली बरी. तिचा भाऊ सत्तावीस वर्षांचा, तोही शिकायला जाणार. त्याला तिथे फुकट मिळणार नाही, पण राहणार तो तशाच वसतिगृहात. फुकट मिळण्याची पात्रता आणि घेण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेशंटला एवढं वेगळं करून सांगणं हे आपलं काम आहे, फॉर्मचं नाही. आणि या चौरंगी लसीत बी प्रकार नाही, तो वेगळ्या लसीत येतो, हेही त्याच भेटीत सांगायला हवं. नाहीतर लस घेतली म्हणून मुलगी खोलीत ताप अंगावर काढत पडून राहील.

सिकलसेलबद्दल जरा थांबून बोलतो, कारण हा आमच्या घरचा प्रश्न आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी पानथरीच्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा तुंबवतात. पानथरी पोटात हाताला लागते, पण काम करेनाशी होते. आमच्या ज्येष्ठांचं म्हणणं असं की आपल्याकडचा सिकलसेल सौम्य आहे, आपल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, पानथरीही जास्त वर्षं टिकते. अर्धं खरं आहे. टिकलेली पानथरी नीट काम करते, असं त्यातून निघत नाही. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चं उद्दिष्ट ठेवलं गेलं, गावोगाव तपासण्या झाल्या, हातात कार्डं आली. मोठं काम आहे आणि मनापासून त्याचं कौतुक आहे. आता त्या कार्डधारकांतली बारा-पंधरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आणा. न्यूमोकोकसची लस देशभर 2021 मध्ये आली, म्हणजे ही मुलं आधीच्या पिढीतली. सरकारी कार्यक्रमातून त्यांना ती मिळालेलीच नाही. मेनिंगोकोकसची तर मिळण्याचा प्रश्नच नाही. आजार आहे हे आपण शोधून काढलं, कार्डावर लिहून दिलं, आणि त्या आजारामुळे ज्या संसर्गाची भीती वाढते त्याबद्दल गप्प राहिलो, तर तपासणीचा त्या पोराला काय उपयोग?

यादी एवढ्यावर संपत नाही. जन्मजात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं कमी असलेली माणसं, एचआयव्हीसह जगणारी. आणि काही दुर्मिळ रक्त-मूत्रपिंडाच्या विकारांत दिलं जाणारं एक्युलिझुमॅब घेणारे, ज्यांची जोखीम दोन हजार पटींपर्यंत वाढलेली असते. हे शेवटचे रुग्ण शहरातल्या तज्ज्ञांकडे असतात आणि त्यांना बहुधा कुणीतरी सांगतं. माझी चिंता तालुक्यातल्यांची.

राहिला तिसरा मुद्दा, पैशांचा आणि कंपन्यांचा. लस म्हणजे धंदा, असं म्हणणाऱ्यांना मी पुण्याकडे बघायला सांगेन. आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांनी आधी परवडेल ती किंमत सांगितली. मग पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पातून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ए प्रकारावरची मेनॲफ्रिव्हॅक घडवली. डोसची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी. 6 डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली, पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली, आणि 2017 नंतर त्या पट्ट्यात ए प्रकाराचा एकही निश्चित रुग्ण नोंदला गेलेला नाही. त्याच कंपनीची पाच प्रकारांवरची मेनफाइव्ह 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेला उतरली आणि 2024 मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. किंमत ही आकाशातून पडत नाही. एकेका बापाने औषधाच्या दुकानात जाऊन सुटा डोस विकत घेतला तर तो हजारोंचा पडणारच. सरकारने जोखमीच्या मोजक्या रुग्णांसाठी एकत्र खरेदी केली तर तो तसा राहणार नाही. त्यासाठी मागणी हवी, आणि मागणी कुठून येणार? आम्ही डॉक्टरच जर पेशंटला सांगणार नसू, तर सरकारदरबारी तो आकडा कधी पोचणारच नाही.

गरिबाला परवडत नाही म्हणून त्याला सांगायचंच नाही, हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त टोचतो. त्याच गरिबाने पोराच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकलेलं मी पाहिलं आहे, आईच्या डोळ्यांसाठी बैल विकलेला पाहिला आहे. काय परवडतं ते तो ठरवेल. आपण त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलं आणि माहिती खिशात ठेवली, तर दया म्हणून केलेलं ते कृत्य त्याच्या हक्कावर घाला ठरतं. शिवाय सांगण्यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागतच नाही. पानथरी नाही हे कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहायला पैसा लागत नाही. ताप आला की घरी गोळी घेऊन वाट बघायची नाही, तडक निघायचं, कुठल्याही डॉक्टरसमोर पहिलं वाक्य 'माझी पानथरी काढलेली आहे' हेच बोलायचं, हे शिकवायला पैसा लागत नाही. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनाबरोबर अँटिबायोटिकचं विचारायचं, मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही, कारण मलेरियाही अशा माणसाला जास्त झोडपतो, याला काय पैसे पडतात? घरात कुणाला मेनिंगोकोकसचा मेंदूज्वर झालाच तर जवळच्यांना चोवीस तासांत अँटिबायोटिक द्यायचं असतं, ते औषध तर आपल्या सरकारी केंद्रात पडून असतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पानथरी काढली त्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर लसींची ओळ छापलेली हवी, आणि ती न भरता कार्डावर सही होऊ नये. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर लसीचा खर्चही त्याच पॅकेजात धरावा. सिकलसेलच्या कार्डावर लसींचा रकाना हवा. आणि आमच्या बैठकीत हात वर करायला लावायचेच असतील, तर तुमच्या रजिस्टरात पानथरी नसलेले किती, हे विचारावं. मी माझ्या केस पेपरांतून शोधले तर सात निघाले. पाच जणांनी लसीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

तो शेतकरी बरा झाल्यावर मी त्याच्यापुढे सगळं मांडलं, खर्चासकट. नवरा-बायको बाहेर बाकावर अर्धा तास बोलत बसले. मग आत येऊन म्हणाले, "आणून द्या." न्यूमोकोकसची आधी दिली. मेनिंगोकोकसची जिल्ह्याहून मागवली, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांत बांधून एसटीने आली, आणि तिचा डबा घ्यायला तो स्वतः सकाळीच स्टँडवर जाऊन उभा होता. दुसरा डोस आठ आठवड्यांनी. त्या दिवशी वेचणी चालू होती, मजूर शेतात, तरी दोघं आले. जुनं डिस्चार्ज कार्ड आता प्लास्टिकच्या पाकिटात होतं, आधार कार्डाच्या जोडीला. मागची कोरी बाजू भरली होती. वर माझ्या अक्षरात तारखा आणि लसींची नावं, आणि खाली निळ्या पेनाने, मुलाच्या शाळकरी अक्षरात: बाबांना ताप आला तर लगेच न्या.